उत्तरेकडची भिंत

नाहिर ओलिवेराला प्रबंधासाठी मार्गदर्शक म्हणून एर्मेस बेंतांकोर मिळाले, तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिला विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसवून माते नावाचा कडवट पाल्याचा चहा पाजला आणि तिचं सांत्वन केलं.

वास्तुरचनेच्या शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागायचा. तो कुणाच्या हाताखाली लिहायचा, यावर पुढचं वर्ष सुखाचं जाणार की रडत जाणार ते ठरायचं. बेंतांकोर निवृत्तीला टेकले होते. उंच, काटकुळे, पाठीत जरासे वाकलेले. ते हिरव्या शाईने तपासायचे, आणि इतकं तपासायचे की त्यांच्याकडून परत आलेल्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं असं पोरं म्हणायची.

"विषय?" पहिल्या भेटीत त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पेन्यारोलमधली कालांद्रिया वसाहत. तिथलं सभागृह."

हिरवा पेन थांबला. "दुसरा विषय घे."

"का, प्रोफे?"

"बघण्यासारखं काही नाही तिथे. एक काळोखी खोली आहे."

"मग तोच तर विषय आहे," नाहिर म्हणाली. ती बोलायला लागली की थांबायची नाही, हा तिचा लहानपणापासूनचा गुण. "मी मागच्या शरदात तिथे एका लग्नाला गेले होते. जेवणं बाहेर, नाच बाहेर, सगळं घरांच्या मधल्या उतारावर. पाऊस आला. एवढं थोरलं सभागृह दहा पावलांवर, पण लोक ताडपत्री डोक्यावर धरून उभे राहिले आणि तसेच नाचले. आत एक माणूस शिरला नाही. प्रोफे, ती वसाहत त्या लोकांनी स्वतः बांधलीय. स्वतःच्या हातांनी बांधलेली जागा माणसं का टाळतात, ते मला शोधायचंय."

बेंतांकोरांनी तिचा अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी कागदावर सही केली.

"एक अट. मी तिकडे पाऊल टाकणार नाही. तू जायचंस, तू बघायचंस, आणि इथे येऊन मला सांगायचंस."

नाहिरला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील.

कालांद्रियात तिला पहिल्याच दिवशी डोरिला सापडली, किंवा डोरिलाला ती सापडली. डोन्या डोरिला, म्हणजे डोरिलाबाई, पंचाहत्तरीच्या पुढची. काखेत थर्मास, हातात माते प्यायचा सुक्या भोपळ्याचा पेला, आणि वसाहतीत कोण आलं कोण गेलं यावर बारीक नजर. वसाहत उभी करणाऱ्यांपैकी फार थोडे आता उरले होते, त्यांतली ती एक.

"काय न्याहाळतेस ग पोरी? विकायला काढलीय की काय वसाहत?"

"प्रबंध लिहितेय, डोन्या."

"बस मग. उभ्याने कुणी शहाणं झालेलं मी बघितलं नाही."

त्या दिवसापासून नाहिरचं ठरून गेलं. दुपारी बस पकडून पेन्यारोल, डोरिलाच्या दारातली खुर्ची, हातात माते, आणि समोर तो उतार. डोरिला सांगायची, आम्ही सगळ्यांनी मिळून ही घरं बांधली. प्रत्येक कुटुंबाने दर आठवड्याला अंगमेहनत द्यायची आणि कुठलं घर कुणाचं ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. त्यामुळे एकही भिंत कुणी वाकडी बांधली नाही, न जाणो तीच आपल्या वाट्याला यायची. "माझ्या पोटात माझी थोरली होती आणि मी माल कालवत होते," डोरिला म्हणायची. "म्हणून ती अशी सिमेंटसारखी निघाली. कुणाचं ऐकत नाही."

उतारावर संध्याकाळी सगळी वसाहत जमायची. पोरं सायकली हाणायची, म्हातारे फुटबॉलवरून भांडायचे, शनिवारी ढोलवाले शेकोटी पेटवून त्यावर ढोलांची कातडी तापवायचे. आणि सभागृह बाजूला गप्प उभं. नाहिर आत जाऊन आली. लांबलचक खोली, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, ओलसर वास. उत्तरेच्या भिंतीत, दक्षिण गोलार्धातल्या या देशात हिवाळ्याचं ऊन जिथून आत यायला हवं, तिथे माणसाच्या डोक्याच्याही वर अरुंद खिडक्यांची एक रांग. त्यांतून आभाळाचा एक पट्टा दिसायचा, बाकी काही नाही.

तिने पहिलं प्रकरण लिहिलं. सामूहिकता, समाजमन, अवकाशाची लोकशाही. जेवढे भारी शब्द तिला येत होते ते सगळे घातले. आठवड्याने कागद परत आले, ते शेवाळलेले. पहिल्याच पानावर होतं, "साखर कमी कर." तिसऱ्या पानावर, "हे समाजमन कुठे राहतं? घर क्रमांक दे."

ती चिडून त्यांच्या खोलीत गेली.

"बस," बेंतांकोर म्हणाले. "भिंत मोजलीस?"

"नकाशे मिळाले नाहीत, प्रोफे. वसाहतीच्या कार्यालयात नाहीत, नगरपालिकेत—"

"मी नकाशे मागितले नाहीत. भिंत मोजलीस का, एवढंच विचारलं. टेप घेऊन, हात लावून, एका विटेपासून दुसऱ्या विटेपर्यंत. माणसं सांगतात त्यात त्यांचं मन असतं, नकाशात आखणाऱ्याचं मन असतं. प्रत्यक्ष काय झालं, ते भिंतीवर बघ."

"कुठली भिंत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सगळ्या," ते म्हणाले. "सगळ्या मोज."

ऑगस्टातली, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातली दुपार होती. गार वारा, पण आभाळ स्वच्छ. डोरिलाने टेपचं एक टोक धरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला नाहिर होती. तीन भिंती झाल्या. चौथी उत्तरेची. बाहेरच्या बाजूने तिच्यावर चुन्याचे हात इतक्या वेळा बसले होते की विटा मुरांब्यातल्या फोडींसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. ऊन पश्चिमेकडे कललं आणि भिंतीला घासून जाऊ लागलं, तशी प्रत्येक विटेची कड बारीक सावली टाकायला लागली.

नाहिरचा हात थांबला.

विटा रचताना एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नसतो. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. या भिंतीतही सगळीकडे सांधमोड नीट केलेली होती. पण एका उंच खिडकीच्या डाव्या कडेपासून एक सांधा सरळ खाली उतरत होता. ओळंबा सोडल्यासारखा, न मोडता, थेट तिच्या गुडघ्यापर्यंत. उजव्या कडेलाही तसाच. तिने पुढची खिडकी बघितली. तिथेही. त्याच्या पुढचीही.

ती भिंतीला गाल लावून उभी राहिली आणि त्या रेषेवरून बोट फिरवत राहिली.

"काय ग, भिंतीला ताप आलाय का?" डोरिलाने विचारलं.

"डोन्या, या खिडक्या खालपर्यंत होत्या. इथे, गुडघ्यापर्यंत. नंतर कुणीतरी बुजवल्यात."

"कुणीतरी म्हणजे काय, आम्हीच बुजवल्या," डोरिला म्हणाली, आणि टेपचं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन नाहिरच्या हातात येऊन आपटली. "तू कधी विचारलंस? तू आपली विचारतेस, सभागृहात का जात नाही. थंड आहे म्हणून जात नाही. आता असं विचार, थंड का आहे."

मग त्या दोघी भिंतीच्या पायथ्याशी उन्हात बसल्या आणि डोरिलाने सांगितलं. तो काळ गणवेशवाल्यांचा होता, लष्कराच्या राजवटीचा. चार माणसांनी एकत्र बसायचं म्हटलं तरी परवानगी लागायची, आणि वसाहत बांधायची तर बैठका घेतल्याशिवाय बांधणार कशी? समोरच्या रस्त्यावर एक जीप येऊन उभी राहायची. आतला माणूस सभागृहाच्या मोठ्या मोठ्या खिडक्यांतून सरळ डोकी मोजायचा.

"म्हणून एका रविवारी आम्ही विटा उचलल्या आणि वरची फट तेवढी ठेवून बाकी भरून टाकलं. दिवस मावळायच्या आत काम खलास. आणि बैठक म्हणायचीच नाही, वाढदिवस म्हणायचं. मेणबत्त्या लावून केक टेबलावर ठेवायचा, कुणी दार ठोठावलं की सगळ्यांनी गाणं म्हणायचं. एका वर्षात माझे सहा वाढदिवस झाले. मी त्या वर्षी जी म्हातारी झाले ती झालेच."

नाहिर हसता हसता लिहीत होती. "आणि ज्याने खिडक्या आखल्या होत्या तो? तो काही बोलला नाही?"

"अग, तोच तर गमतीचा भाग. म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. एक पोरगा होता, नुकता शिकून आलेला. काडीसारखा. आम्ही त्याला फ्लाकोच म्हणायचो, लुकड्या. काय जीव होता त्याचा या सभागृहावर. खिडकीचा कट्टा बसता येईल एवढा रुंद ठेवला होता त्याने, आतल्याने आत बसावं, बाहेरच्याने बाहेर, आणि गप्पा माराव्यात म्हणून. तो सोमवारी आला आणि भिंत बघून पांढरा पडला. ओरडायला लागला, कुणी केलं हे, का केलं. आणि त्याच्या शेजारी कोण उभा? सरकारी तपासनीस. त्याच्यासमोर काय सांगायचं? आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. फ्लाकोने काम सोडलं. पुढे ऐकलं, देशही सोडला. पुन्हा इकडे कधी आला नाही."

"नाव काय त्याचं?"

"बेंतांकोर. एर्मेस बेंतांकोर."

नाहिरच्या डाव्या हातातला भोपळा कलंडला आणि गरम माते तिच्या पँटवर सांडला. तिला भाजल्याचंही कळलं नाही.

आठवडाभर ती घरात येरझारा घालत होती. आईने विचारलं, प्रेमात पडलीस का. नाहिर म्हणाली, त्याहून वाईट, मला माझ्या मार्गदर्शकांना त्यांच्याच आयुष्यातली एक गोष्ट शिकवायचीय. शेवटी तिने ती जशी ऐकली तशी लिहिली. जीप, विटा, केक, तपासनीस, बुटांकडे बघणारी माणसं. एकही भारी शब्द न घालता. भिंतीचं मोजमाप आणि सरळ सांध्यांचं रेखाटन सोबत जोडलं, आणि पाठवण्याऐवजी स्वतः घेऊन गेली.

बेंतांकोरांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर त्यांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दुसऱ्या पानावर रेखाटन होतं. तिथे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. पुढची पानं उलटताना हिरवा पेन कागदाला लागला नाही. नाहिर त्यांच्या टेबलावरच्या छोट्या प्रतिकृतींकडे बघत बसली; वर बघायची तिची हिंमत होत नव्हती.

"वाढदिवस?" अखेर आवाज आला.

"सहा, प्रोफे. एका वर्षात."

बेंतांकोरांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. नाहिर घाबरून उठली, पाणी द्यायला. मग तिच्या लक्षात आलं, ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खांदे हलत होते, आणि तिने पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले.

"मला वाटलं त्यांना आवडलं नाही," ते चष्मा पुसत म्हणाले. "तीच माझी पहिली इमारत. मला वाटलं, लोकांनी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं की तुझं काम आम्हाला नको. त्यानंतर मी एकही सभागृह केलं नाही. घरं केली, शाळा केल्या. सभागृह आलं की दुसऱ्याकडे द्यायचो."

नाहिरने कागद स्वतःकडे ओढले. "मी हे प्रकरण काढून टाकू का? म्हणजे तुम्हीच मार्गदर्शक, आणि तुमचंच काम..."

"काढून टाकशील तर नापास करीन. माझं नाव घाल. मी भांडून गेलो, तेही घाल."

"तुमचा राग कसा लिहू, प्रोफे?"

"तळटीपेत," बेंतांकोर म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरचा कोट उचलला, परत ठेवला, परत उचलला. "पेन्यारोलला बस कुठली जाते ग आता?"

ते रविवारी गेले. बसमध्ये बेंतांकोरांनी दोनदा कॉलर सारखी केली. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि पाऊस म्हटल्यावर वसाहतीत घरोघर तोर्ता फ्रिता तळल्या जात होत्या. उतारावर त्या पुऱ्यांचा आणि चरबीचा वास दरवळत होता. डोरिला दारातच उभी होती. तिने त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"फ्लाको," ती म्हणाली, "जाड होशील असं वाटलं होतं. ते पण जमलं नाही तुला."

"डोरिला." ते दोन पावलं पुढे आले. "तू तरी सांगायचंस."

"कुणाला सांगायचं? तू मेक्सिकोत."

"परत आलो की मी. केव्हाचा."

"आलास, पण इकडे फिरकलास? आम्ही म्हटलं, प्रोफेसर झालाय, मोठा झालाय, विटा उचलणाऱ्यांची ओळख कशाला ठेवील. माझा नवरा जाईपर्यंत म्हणायचा, त्या पोराला बोलावून सांगायला हवं. मी म्हणायचे, त्याला गरज नाही तर आपल्याला काय."

"म्हणजे तुम्ही पण रुसला होता."

"मग? रुसायचा मक्ता काय तुझ्या एकट्याकडे?"

मग डोरिलाने थर्मास नाहिरच्या हातात कोंबला आणि त्यांना मिठी मारली, आणि ते वाकले तरी तिचं डोकं त्यांच्या छातीपर्यंतच पोचलं.

बेंतांकोर त्या भिंतीपाशी गेले तेव्हा बरीच माणसं जमली होती. त्यांनी सांध्यावरून तळवा फिरवला, मग खाली उकिडवे बसले. विटांचा भराव खिडकीच्या कट्ट्यावर कसा टेकवलाय ते त्यांनी बोटांनी चाचपलं.

"हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी पूर्वीही एकदा इथेच विचारला होता, आणि तो आता ऐकून मागचे दोन म्हातारे ठसकले.

"आम्हीच," त्यांतला एक म्हणाला.

"भराव कट्ट्याला गुंतवलेला नाही. दोन्ही कडांना विटांची दाताळी घालून जुन्या भिंतीत अडकवलेला नाही. नुसता घातलाय."

"उद्या काढायचा असेल तर तुमच्या खिडकीला धक्का लागू नये म्हणून," तो म्हातारा म्हणाला. "जीप काही कायमची उभी राहणार नव्हती. ती गेली, पण आम्ही तोवर बाहेर बसायला शिकलो होतो. मग राहून गेलं ते राहूनच गेलं."

बेंतांकोर उठले नाहीत. उठता येत नव्हतं असं नाही. नाहिरने नजर दुसरीकडे वळवली आणि हातातली तोर्ता फ्रिता निमूट खाल्ली.

भराव काढायचं वसाहतीच्या सभेत ठरलं. विरोध फक्त एकाचा होता. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं बंद होतं तर आधी आत उंदीर आहेत का बघा. वसंतात, एका रविवारी, पुन्हा आठवड्याची अंगमेहनत सुरू असल्यासारखी माणसं छन्न्या, हातोडे आणि घमेली घेऊन आली. पहिला घाव बेंतांकोरांनी घालायचा, असा आग्रह झाला. त्यांनी घातला. वीट जागची हलली नाही.

"प्रोफे, पेनाने मारा," नाहिर म्हणाली, आणि ती हे मोठ्याने बोलून गेली हे तिला नंतर कळलं. सगळा उतार हसला. त्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं, बाही मागे सारली आणि असा हातोडा हाणला की अर्धा थर आत कोसळला. धुळीचा लोट उठला, आणि त्यातून ऊन सरळ सभागृहाच्या फरशीवर जाऊन पडलं. खुर्च्यांच्या ढिगामागून उंदीर नाही, एक मांजर बाहेर आलं, उन्हात बसलं आणि पंजे चाटायला लागलं.

दुपारपर्यंत सगळ्या खिडक्या मोकळ्या झाल्या. कट्टे खरंच रुंद होते. डोरिला आतून एकावर बसली, बाहेरून तिची थोरली लेक बसली, आणि दोघी पाच मिनिटांत मीठ किती घालायचं यावरून भांडायला लागल्या. बेंतांकोर उतारावरून ते बघत होते. त्यांच्या केसांत विटेचा चुरा अडकला होता.

नाहिरच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा तिथेच व्हावी असा अर्ज तिनेच केला आणि तो मंजूर झाला. परीक्षक मंडळाने बेंतांकोरांना बोलायला बंदी केली होती, कारण त्यांचं नाव प्रबंधात होतं, त्यामुळे ते शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. पण गप्प राहायचं फक्त त्यांनाच सांगितलं होतं, वसाहतीला नव्हे. अध्यक्षबाईंनी विचारलं, "या भिंतीचा मूळ हेतू आणि नंतरचा वापर यांत तुम्हाला विरोध दिसतो का?" नाहिरने तोंड उघडायच्या आत खिडकीच्या कट्ट्यावरून कुणीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या खिडकीतून दुसऱ्याने ते खोडून काढलं. मग डोरिला उठली आणि म्हणाली की दोघंही तेव्हा जन्मले नव्हते, खाली बसा. अध्यक्षबाईंना टेबल ठोकावं लागलं.

"कुमारी ओलिवेरा," त्या म्हणाल्या, "उत्तर तुमच्याकडून हवंय."

"विरोध नाही," नाहिर म्हणाली. "दोन्ही वेळा लोकांना एकत्र बसायचंच होतं. एकदा त्यासाठी भिंत लागली, एकदा खिडकी."

मागच्या रांगेत बेंतांकोरांनी खिशातून हिरवा पेन काढला, हातातल्या प्रतीवर 'साखर बरोबर' असं लिहिलं, आणि टोपण लावून टाकलं.

मंडळ निकाल ठरवायला बाहेर उतारावर गेलं. बराच वेळ झाला तरी परत येईना. शेवटी तिने खिडकीतून वाकून बघितलं. तिघं परीक्षक शेकोटीजवळ उभे होते, प्रत्येकाच्या हातात भाजलेल्या मांसाचा पाव होता, आणि अध्यक्षबाई एका ढोलवाल्याकडून ताल कसा धरायचा ते शिकत होत्या.

"अहो बाई," डोरिलाने खिडकीतूनच हाक मारली, "पोरगी पास झाली की नाही?"

अध्यक्षबाईंनी भरल्या तोंडाने होकारार्थी मान हलवली, हात उंच करून बारा गुणांची खूण केली, म्हणजे पैकीच्या पैकी, आणि पुन्हा ढोलाकडे वळल्या.